वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका, एफडीही मोडू नका

प्रश्न : माझे पती सैन्यात हवालदार होते. गेल्या ऑक्टोबरमध्ये ड्युटीवर असताना हार्ट अटॅकने गेले. बेसिक आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून 45,200 होता. साधी फॅमिली पेन्शन सुरू आहे. स्पेशल फॅमिली पेन्शन (मृत्यूचा सैन्यातल्या सेवेशी संबंध असेल तर मिळणारी) नामंजूर झाल्याचं 12 फेब्रुवारीचं पत्र आलंय. एक एजंट 50,000 आगाऊ आणि थकबाकीतला पाचवा हिस्सा मागतो. दीर म्हणतात, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू. एफडी मोडू का? (शिरोळ तालुका)

ताई, दिरांच्या मनातलं दुःख कळतं, पण ऑक्टोबर फार लांब आहे. पहिल्या अपिलाला 6 महिने मिळतात. पत्रावरच्या तारखेपासून धरलं तर ऑगस्टच्या 11 तारखेच्या आत अर्ज जायला हवा. आणि ऑगस्टात शिरोळला पाणी कुठवर येतं, ते 2019 ला तुम्ही पाहिलंय. म्हणून याच महिन्यात स्पीड पोस्ट करा. पावती, नामंजुरीचं पत्र आणि ते आलेलं पाकीट, शिक्क्यासकट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.

आता पैशाचं. सध्या तुम्हाला 50 टक्के, म्हणजे 22,600 मिळतात. स्पेशल पेन्शन 60 टक्के, म्हणजे 27,120. महागाई भत्ता दोन्हींवर वेगळा. साडेचार हजारांसाठी एवढी धावपळ कशाला, असं कुणीही म्हणेल. पण हे 50 टक्के फक्त 10 वर्षांचे. त्यानंतर साधी पेन्शन 30 टक्क्यांवर, 13,560 वर येते. स्पेशल मात्र 60 वरच राहते. मुलांच्या कॉलेजची फी भरायच्या वर्षांत तुमची पेन्शन स्पेशलच्या निम्मी असेल. मला खरी काळजी त्याची आहे. साधी पेन्शन घेतल्याने अपिलाचा हक्क जात नाही, ती घेत राहा.

एजंटला एक रुपयाही देऊ नका. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. वकील लागलाच तर 1987 च्या कायद्याने महिलेला, उत्पन्न कितीही असो, मोफत मिळतो. कोल्हापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

अर्जात शेवटची पोस्टिंग कुठे होती, ड्युटी किती तासांची होती, त्या आठवड्यात ते फोनवर काय सांगत होते, सगळं लिहा; मृत्यूचा सेवेशी संबंध त्यातूनच दिसेल. पहिलं अपील फेटाळलं तर दुसऱ्याला पुन्हा 6 महिने, त्यापुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण. उशीर तिथे माफ होऊ शकतो, पण सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून उशिरा आलेल्यांना थकबाकी साधारण 3 वर्षांचीच मिळते.