सभासद यादी उघडली आणि मराठीचा कचरा झाला

प्रश्न: ठाण्यात कोलशेतला आमची सोसायटी आहे, सेक्रेटरीचं काम माझ्याकडे. सभासदांची यादी मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते, नाव, फ्लॅट नंबर, मजला असं कॉमा देऊन. नवीन लॅपटॉपवर एडिटरमध्ये उघडली तर मराठी गायबच, सगळीकडे डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए आणि भलतीच चिन्हं. व्हायरस आलाय का? एजीएमची नोटीस काढायचीय. दुसरं म्हणजे, जुन्या लॅपटॉपवरही 'दुसऱ्या' शब्द सर्च केला की काही ओळी सापडतात, काही नाही, दिसायला मात्र सगळं सारखंच. – एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, व्हायरस वगैरे काही नाही, घाबरू नका, पण एक गोष्ट आत्ताच्या आत्ता पाळा, ती फाइल सेव्ह करू नका. नुसती बंद करा, विचारलं तर 'नाही' म्हणा, आणि आधी एक कॉपी काढून ठेवा. कारण सध्या तुमची यादी बहुतेक जशीच्या तशी आहे, फक्त एडिटर ती चुकीच्या पद्धतीने वाचतोय.

होतं काय, तर यूटीएफ-८ मध्ये (मजकूर फाइलमध्ये साठवायची एक पद्धत, अशा पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात) मराठीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी तीन-तीन बाइट घेतं. एडिटरने फाइल एएनएसआय, म्हणजे विंडोजच्या जुन्या पद्धतीतली, समजून उघडली की तो प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर धरतो, म्हणून एका 'म'च्या जागी रेघवाला ए, मग चलनाचं गोल चिन्ह, मग वर्तुळातला आर असं तिघं येतात. नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर असेल तर एन्कोडिंग मेनूत जाऊन 'यूटीएफ-८' निवडा, मराठी परत दिसेल. त्याच मेनूत खाली 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' असतं, त्याला आत्ता हात लावू नका!! पहिलं फक्त वाचायची पद्धत बदलतं, दुसरं तो कचराच खरा मानून नव्याने लिहितं. व्हीएस कोड हा एडिटर असेल तर खाली उजवीकडे एन्कोडिंगचं नाव दिसतं, त्यावर क्लिक करून 'रीओपन विथ एन्कोडिंग' घ्या.

समजा घरात कोणी आधीच सेव्ह केलं असेल तर नोटपॅड प्लस प्लसमध्ये कॉपीवर 'कन्व्हर्ट टू एएनएसआय' करा आणि मग 'यूटीएफ-८' निवडा, बऱ्याचदा जमतं. पण नंतर नावं डोळ्यांनी तपासा, विशेषतः जोडाक्षरं. हलंताचा, म्हणजे अक्षराचा पाय मोडायच्या चिन्हाचा, शेवटचा बाइट ८डी आहे आणि विंडोजच्या जुन्या १२५२ कोडपेजमध्ये, म्हणजे एएनएसआयच्या अक्षरतक्त्यात, त्या जागी अक्षरच नाही, त्यामुळे काही प्रोग्रॅम तो मधेच गाळून टाकतात. 'पाटील' सुखरूप येतील, 'म्हात्रे' मात्र मोडून पडलेले दिसतील आणि नोटिशीवर कुणाचं नाव असं छापून जाणं मला तरी बरं वाटत नाही. आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर खरंच गेलाय, तिथे जुन्या लॅपटॉपवरची फाइलच आणावी लागेल. चौकोनी डबे दिसले तर फक्त फॉन्ट नाहीये, निर्मला यूआय किंवा मंगल लावून बघा.

हीच यादी पुढे एक्सेलमध्ये घ्यायची असेल तर डबल क्लिक करून उघडू नका, तिथेही हाच घोळ होतो. डेटा मेनूतून टेक्स्ट फाइल इम्पोर्ट करा आणि फाइल ओरिजिन ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ठेवा.

आता 'दुसऱ्या'. हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण सर्चसाठी ते वेगवेगळे शब्द. तुमची यादी फोनवर आणि लॅपटॉपवर अशी दोन्हीकडे टाइप झाली असणार, कीबोर्ड बदलला की असं होतं. जी ओळ सापडत नाही तिथला शब्द कॉपी करून फाइंडच्या खान्यात पेस्ट करा, रिप्लेसच्या खान्यात सापडणारा 'दुसऱ्या' टाका आणि रिप्लेस ऑल करा. तसंच 'तिसऱ्या'चंही करा, 'अकराव्या' बघत बसू नका, त्यात हा र नाहीच, फक्त 'तिसऱ्या' आणि नावागावात असा र असेल तेवढेच बदला.