पावणेआठ तास म्हणजे ७.४५ नव्हे

प्रश्न: ताई, तीन महिन्यांपासून मी एका छोट्या कारखान्यात हजेरी आणि पगाराचं काम बघते. सगळे कामगार ताशी दरावर आहेत. आमच्या एका ज्येष्ठ कामगारांची एका आठवड्याची हजेरी मी वहीत अशी लिहिली होती: ८.२०, ७.४५, ८.३५, ८.५०, ७.५५. कॅल्क्युलेटरवर बेरीज ४०.०५ आली, तेवढ्या तासांचा पगार काढला. ते म्हणतात, माझे ४१ तास २५ मिनिटं भरतात. एक्सेलमध्ये टाकून पाहिलं तर १७:२५ दिसतं. खरं कुठलं? रात्रपाळीचे तास तर उणे येतात. शिवाय आमच्याकडे येण्या-जाण्याची वेळ जवळच्या पंधरा मिनिटांना राउंड करतात, ते योग्य आहे का?

उत्तर: बरोबर तुमच्या कामगारांचंच आहे. तास वेगळे मिळवा, ३८ होतात. मिनिटं वेगळी मिळवा: २०, ४५, ३५, ५० आणि ५५ मिळून २०५. दोनशे पाचात साठ तीनदा जातात, २५ उरतात. म्हणून ४१ तास २५ मिनिटं.

कॅल्क्युलेटरची काही चूक नाही. ७.४५ लिहिताना तुमच्या मनात पंचेचाळीस मिनिटं होती. त्याने तासाचे शंभर भाग धरून त्यातले ४५ घेतले, म्हणजे २७ मिनिटं. त्या एका दिवसाची अठरा मिनिटं तिथेच गेली. यावर आपल्या भाषेतच उपाय आहे. आकडा मोठ्याने वाचा. ७ तास ४५ मिनिटं म्हणजे पावणेआठ तास, आणि पावणेआठ म्हणजे ७.७५. ८ तास ३० मिनिटं म्हणजे साडेआठ, म्हणजे ८.५०. सव्वा, साडे, पावणे हे शब्द आपल्याला शाळेपासून पाठ आहेत, पण घड्याळात ८:३० दिसतं म्हणून हात ८.३० लिहून जातो.

आता नीट बघा, कारण या चुकीतली मला सर्वांत टोचणारी गोष्ट पुढे आहे. शंभर भागांच्या हिशेबात एक मिनिट ३६ सेकंदांचं होतं. म्हणजे दर मिनिटामागे २४ सेकंद गळतात. २०५ मिनिटांवर ती ८२ मिनिटं झाली: एका माणसाचे, एका आठवड्यात, १ तास २२ मिनिटं. बेरजेतल्या इतर चुका कधी इकडे पडतात, कधी तिकडे. ही चूक प्रत्येक वेळी कामगाराच्याच विरोधात जाते. मालकाचा तोटा होत नाही, म्हणून वरून कोणी विचारत नाही, आणि पगारपत्रकाकडे बघून काही खटकतही नाही. ४०.०५ हा आकडा किती साधा दिसतो!

मी सव्वीस वर्षं पगारपत्रकं केली. पहिल्या वर्षी माझ्या हातूनही हेच झालं होतं. प्रेस मशिनवर काम करणारे एक गृहस्थ पगाराच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. त्यांनी टाइमकार्डाच्या मागे पेन्सिलीने रोजची हजेरी लिहिली होती, ती सगळी मिनिटांत. ५१५, ४७०, ५०५ असे आकडे, आणि खाली बेरीज. तास कुठे लिहिलेच नव्हते. मी दोनदा पडताळलं. त्यांचंच बरोबर निघालं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी त्यांचीच रीत वापरली, आणि तुम्हालाही तीच सांगते: सगळं मिनिटांत ठेवा. तुमच्या उदाहरणात ४१ गुणिले ६० अधिक २५, म्हणजे २४८५ मिनिटं. त्याला ताशी दराने गुणा आणि शेवटी एकदाच ६० ने भागा. रोजच्या रोज दशांशात आणून दोन स्थळांपर्यंत राउंड केलंत तर ८.३३, ७.७५, ८.५८, ८.८३, ७.९२ मिळून ४१.४१ येतात, खरी किंमत ४१.४१६६… आहे, म्हणजे ४१.४२. फरक लहान आहे, पण तो टाळता येत असताना का होऊ द्यायचा?

(फ्रान्समध्ये क्रांतीच्या काळात, १७९३ साली, दिवसाचे १० तास आणि तासाची १०० मिनिटं असा कायदाच झाला होता. १७९५ मध्ये त्याची सक्ती उठली. घड्याळ साठाचंच राहिलं, तेव्हा रूपांतर आपल्यालाच करावं लागणार.)

एक्सेलचं १७:२५ पण चुकीचं नाही, ते अर्धवट दिसतंय. एक्सेल एक पूर्ण दिवस म्हणजे १ असं धरतं. बेरीज चोवीस तासांच्या पुढे गेली की दिवस बाजूला ठेवून उरलेली वेळ दाखवतं. ४१:२५ मधून २४ वजा केलेत की १७:२५. सेलच्या फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर h चौकटी कंसात घाला, म्हणजे [h]:mm, की ४१:२५ दिसेल. दराने गुणण्याआधी मात्र त्या सेलला २४ ने गुणा, नाहीतर आत १.७२५७ दिवस आहेत आणि तेवढ्याच तासांचा पगार निघेल. ही चूक लगेच लक्षात येते, म्हणून मला तिची फारशी काळजी वाटत नाही.

रात्रपाळी सोपी आहे. जायची वेळ यायच्या वेळेपेक्षा लहान असेल तर तीत २४ तास मिळवा. २२:१० ला आले, ६:२५ ला गेले: ३०:२५ वजा २२:१०, म्हणजे ८:१५. अर्ध्या तासाची बिनपगारी सुट्टी असेल तर ७:४५. हातचा घ्यायची वेळ आली तर ६० चा घ्या, १०० चा नव्हे. वेळा चोवीस तासांच्या पद्धतीनेच लिहा.

राउंडिंगबद्दल आधी तुमच्याकडचा कायदा आणि करार काय म्हणतो ते तपासा. पद्धत अशी असते की सात मिनिटांपर्यंत मागे, आठपासून पुढे. कागदावर ती दोन्ही बाजूंना सारखी दिसते. पण रोज ८:५३ ला येऊन १८:०७ ला जाणाऱ्या माणसाचं बघा: येणं ९:०० धरलं, जाणं १८:००. ९ तास १४ मिनिटांचे ९ तास झाले. लवकर येऊन काम आवरून जाणाऱ्याची रोज चौदा मिनिटं जातात, कारण त्याची सवय ठरलेली असते. एका महिन्याची हजेरी राउंड न करता काढा, राउंड करून काढा, आणि प्रत्येकाचा फरक समोरासमोर मांडा. फरक एकाच बाजूला जमत असेल तर तो कागद मालकांसमोर ठेवा. पंचिंग मशीन मिनिट देत असताना आपण ते फेकून का द्यायचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिले मागचे तीन महिने. तुमच्या वहीत रोजची नोंद आहे, हे चांगलं झालं. आधी खात्री करा की बिंदूनंतर कुठेही ५९ च्या वर आकडा नाही. एखादा ७.७५ सापडला तर ती नोंद आधीच दशांशात आहे (काही मशिनं तासाचे शंभरावे भागच छापतात), ती बाजूला काढा आणि त्या तारखेच्या आसपासच्या नोंदी मूळ कार्डावरून पडताळा. बाकीच्या नोंदींत बिंदूनंतरचे आकडे तेवढे मिळवा आणि ०.४ ने गुणा. तेवढ्या मिनिटांचा पगार त्या माणसाला देणं आहे. २०५ वरून ८२ येतात का, हे आधी करून पाहा. मग प्रत्येकाच्या नावाने चिठ्ठी करा, त्यावर महिने आणि मिनिटं लिहा, आणि फरक पुढच्या पगारात वेगळ्या ओळीत दाखवा. पहिली चिठ्ठी त्या ज्येष्ठ कामगारांना स्वतः नेऊन द्या.