प्रकाशसंश्लेषणात संशोधन करायचंय, तर गणित सोडू देऊ नका

सप्रेम नमस्कार,

वाळवा तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. चार एकर ऊस, लेकीला दहावीत ९१ टक्के, आणि तिला पुढे कृत्रिम प्रकाशसंश्लेषणात संशोधन करायचंय. त्यासाठी अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेते म्हणते. तुम्ही विचारलंय, ‘उसाचं पान हे काम फुकटात करतंय, मग शास्त्रज्ञ ते प्रयोगशाळेत कशाला करतात? आणि यात पोरीची दहा वर्षं गेली तर?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी पानाचं बघू. पान राबतं ते झाडासाठी. अंगावर पडलेल्या उन्हातला शंभरातला जेमतेम एखादा भाग पीक वर्षभरात साठवतं. तुमच्या उसाचं इथेनॉल म्हणजेसुद्धा साठवलेलं ऊनच, पण त्यासाठी चांगली जमीन गुंतते आणि वर्षभर पाणी द्यावं लागतं. पानाची मूळ युक्ती म्हणजे उन्हाच्या जोरावर पाणी फोडणं, म्हणजे त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करणं. तीच शेताशिवाय, पत्र्यावर किंवा माळरानावर जमली, म्हणजेच कृत्रिम प्रकाशसंश्लेषण साधलं, तर पाण्यातून हायड्रोजन मिळेल. पुढे कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉलसारखं इंधनही करता येईल.

मग सौर पॅनल आहेत की, असं तुमच्या मनात येईल. पॅनलनं पंप चालतो, पण युरियाच्या पोत्याचं काय? युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन, आणि हा हायड्रोजन आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. त्यातला बराच वायू परदेशातून येतो, आणि एक किलो हायड्रोजन करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्यापासून तोच एक किलो काढायला साधारण नऊ लिटर पाणी फोडावं लागतं. विमानाच्या इंधनाचंही तसंच, निव्वळ बॅटरीवर लांबचं विमान उडवणं आज शक्य नाही. जिथं नुसत्या विजेनं भागत नाही आणि पदार्थच लागतो, तिथं या संशोधनाची खरी गरज आहे.

१९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडता येतं हे दाखवलं. हे तेच पांढरं द्रव्य, जे घराच्या रंगात असतं. अडचण अशी की ते फक्त अतिनील किरणं वापरतं, आणि उन्हात ती थोडीच असतात. जपानमध्येच डोमेन या शास्त्रज्ञाच्या गटानं पाणी फोडणाऱ्या पॅनलची १०० चौरस मीटरची मांडणी उघड्यावर कित्येक महिने चालवली आणि ते काम २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. तिची कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या ऊर्जेचा हायड्रोजनमध्ये साठलेला भाग, जास्तीत जास्त ०.७६ टक्के होती. सौरघट जोडलेल्या उपकरणांनी प्रयोगशाळेत १० टक्क्यांच्या वर मजल मारली आहे, पण ती महाग आहेत आणि फार टिकत नाहीत. टिकण्याच्या बाबतीत झाड फार पुढे आहे. पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन कडक उन्हात सतत खराब होतं आणि झाड ते अर्ध्या-पाऊण तासात बदलून टाकतं. माणसानं बनवलेल्या, पाणी फोडणाऱ्या पट्टीला अशी दुरुस्ती अजून साधलेली नाही.

एका प्रयोगशाळेत मी अशी पट्टी पाहिली आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढी, काळी, पाण्यात उभी. दिवा लावला तसे तिच्या कडेनं मोहरीपेक्षा बारीक बुडबुडे सुटायला लागले. ती चालवणारी मुलगी त्या बुडबुड्यांपेक्षा संगणकावरच्या आलेखाकडे जास्त बघत होती. विजेचा प्रवाह किती, तो कधी घसरतो, का घसरतो. तिचा दिवस त्यातच जातो.

म्हणून गणिताचा आग्रह. शाळेत हा धडा जीवशास्त्रात येतो, त्यामुळे हे काम जीवशास्त्राचंच, असा मुलांचा समज होणं साहजिक आहे. प्रत्यक्षात हे काम रसायनशास्त्राचं आणि अर्धवाहकांच्या (सिलिकॉनसारख्या पदार्थांच्या) भौतिकशास्त्राचं आहे. तिला जीवशास्त्र आवडत असेल तर चारही विषय घेऊ दे, ओझं वाढेल पण झेपेल. बारावीनंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा द्यावी. तिच्यात गणितासह चारही विषयांचे प्रश्न असतात. मुंबईच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत केमिकल इंजिनीअरिंग हा दुसरा मार्ग, आणि तिथं गणिताशिवाय चालतच नाही. जवळच्या कॉलेजात बीएस्सी रसायनशास्त्र करून ‘जॅम’ परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाणारी मुलंही मी पाहतो. तो रस्ता कमी खर्चाचा आहे, त्याला कमी लेखू नका.

दहा वर्षांचा तुमचा हिशोब बरोबर आहे: बारावीनंतर पाच शिक्षणाची, पाच पीएचडीची. मात्र नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीला सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो, त्या काळात घरातून पैसे घालावे लागत नाहीत. तेवढ्या वर्षांत कृत्रिम पान बाजारात येईलच, असं मी सांगणार नाही. पण शिकलेलं वाया जात नाही. अमेरिकेत डॅनियल नोसेरा यांनी २०११ मध्ये सिलिकॉनचं कृत्रिम पान दाखवलं. ते विकायला काढलेली कंपनी पुढे फ्लो बॅटरीकडे (द्रवात वीज साठवणाऱ्या बॅटरीकडे) वळली आणि २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिननं ती विकत घेतली. उत्प्रेरक, इलेक्ट्रोड, विद्युतरसायन हे जिला येतं तिला बॅटरी, इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाणी फोडणारं यंत्र), खतं, औषधं, सगळीकडे मागणी आहे. केंद्र सरकारच्या हरित हायड्रोजन (म्हणजे प्रदूषण न करता काढलेला हायड्रोजन) मोहिमेचं २०३० पर्यंतचं लक्ष्य वर्षाला ५० लाख टनांचं आहे.

आता अकरावीच्या अर्जात गणित ठेवा. आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुण्यातल्या संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात, तेव्हा तिला घेऊन या. तुम्हीही आत चला. युरियाचा प्रश्न तिथल्या संशोधकांना तुम्हीच विचारा, शेतकऱ्यानं विचारलेला त्यांना आवडेल.