घरात तीन बीम, शाखा कोणती?

पत्र लालबागहून आलं आहे. थोडं आटपशीर करून देते:

‘मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) घेतलंय. आमच्या घरात “बीम” हा शब्द तिघं जण तीन अर्थांनी वापरतात. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात होते, संपानंतर परत गेलेच नाहीत. पण अजून बीमच्या गोष्टी सांगतात. बाबा बांधकामावर सुपरवायझर आहेत, त्यांचं बीम-कॉलम रोजचंच. आणि गेल्या महिन्यापासून आत्याला परळला कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, चालू आहेत. तिथे दारावर लाल दिवा लागतो आणि आतली ताई म्हणते, “बीम ऑन”. आमच्या फिजिक्समध्येही लेझर बीम आहे. मला या शब्दाचं वेडच लागलंय. हे सगळं मुळात एकच आहे का? आणि मला हेच शिकायचं असेल तर शाखा कोणती घेऊ? बाबा म्हणतात सिव्हिल, आई म्हणते मेडिकलची ‘नीट’ परीक्षा देऊन बघ.’

प्रिय मुली,

आधी आत्याला माझ्याकडून सांग, शेक पूर्ण होईपर्यंत एकही खाडा करू नका. तू त्यांच्यासोबत जातेस हे वाचून बरं वाटलं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे आणि ते मला फार आवडतं. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ झाड. जर्मनमध्ये झाडाला आजही ‘बाउम’ म्हणतात, ते याचंच भावंड. झाड तोडलं, तासलं, भिंतीवर आडवं टाकलं, झाला घराचा बीम. मागावर सूत गुंडाळायचा ओंडका, नांगराची हाळीस, तराजूची दांडी, जहाजाच्या एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत टाकलेली लाकडं, या सगळ्यांना तेच नाव मिळालं. उजेडाच्या झोताला हे नाव पडलं ते बहुधा लॅटिन धर्मग्रंथांतल्या ‘प्रकाशाचा स्तंभ’ या शब्दांचं जुन्या इंग्रजीत भाषांतर करताना. आणि उजेडाला बीम म्हटल्यावर पुढे इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांच्या झोतांनाही तेच नाव लागलं.

आपल्या भाषेतही हेच झालंय, कधी लक्षात आलं का? तुळई हा शब्द संस्कृतातल्या ‘तुला’च्या घरातला. तुला म्हणजे तराजू, आणि छपराचा वासा हाही तिचा एक अर्थ. आणि मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाच्या बीमला ‘शलाका’ म्हणतात. शलाका म्हणजे मुळात काडी, सळई. तिकडे झाड, इकडे काडी.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं नाही. शब्दाचं मूळ एक असलं तरी तो शब्द दिवसभर तोंडात असणाऱ्या माणसांची कामं एक नसतात. माझ्याकडे येणारी बरीच मुलं एखाद्या शब्दाच्या प्रेमात पडून येतात. मागे एक मुलगा ‘एरोस्पेस’ या शब्दासाठी हट्टाने तिकडे गेला. दोन वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला, मला विमानं बघायला आवडायची, समीकरणं नाही. म्हणून तुझ्या घरातले तीन बीम आपण कामाच्या बाजूने बघू.

बाबांपासून सुरुवात करते. भांडी घासायचा नवा स्पंज घे, त्याच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मार आणि दोन्ही टोकं धरून मधोमध खाली वाकव. वरच्या बाजूला रेघा जवळ येतील, खालच्या बाजूला फाकतील. बीमवर ओझं आलं की नेमकं हेच होतं: वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब छान सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून मुख्य सळया खालच्या बाजूला. आणि गॅलरी भिंतीतून बाहेर आलेली असते, तिथे उलटं; वरची बाजू ताणली जाते, म्हणून सळया वर. बाबांना विचार, गॅलरीच्या वरच्या सळया कामगारांच्या पायाखाली दबून खाली बसल्या तर ते काय करतात. काँक्रीट ओतण्याआधी त्या पुन्हा उचलून बसवायला लावणारा सुपरवायझर असतो, म्हणून पुढची पन्नास वर्षं कुणीतरी त्या गॅलरीत निर्धास्त कपडे वाळत घालतं.

अजून एक. ३ सेंटिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड अशी पट्टी आडवी धरून वाकव, मग तीच उभी धरून. उभी पट्टी आडवीपेक्षा शंभर पट ताठ असते. बीमची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठ पट. हे वाचताना ‘का बरं आठ?’ असा प्रश्न पडून तू वहीकडे हात नेलास, तर सिव्हिल तुझ्यासाठी आहे. नुसतं ‘अच्छा’ म्हणून पुढे गेलीस तर बाबांच्या म्हणण्याचा पुन्हा विचार कर.

मुंबईत या कामाची एक बाजू नवं बांधण्याइतकीच मोठी आहे, ती म्हणजे जुनं तपासणं. तीस वर्षांवरच्या इमारतींना इथे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावं लागतं. लालबाग-परळच्या गल्ल्यांत फिरताना वर बघ. बीमच्या खालच्या कडेला सळईच्या रेषेत एक लांब तडा आणि तपकिरी ओघळ दिसेल. समुद्राच्या हवेतला खार आत शिरतो, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. हे वाचता येणारी माणसं या शहराला हवी आहेत. रस्ता सरळ आहे: एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा, सिव्हिलची चार वर्षं, आणि खरोखर बीमच करायचे असतील तर पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये एमटेक.

आता आजोबा. त्यांचा बीम म्हणजे लोखंडी रूळ, दोन्ही टोकांना थाळ्या, त्यावर हजारो उभे धागे एकाशेजारी एक गुंडाळलेले. धागा खळ देऊन कडक केलेला, नाहीतर साच्यावर, म्हणजे मागावर, घासून तुटतो. सगळ्या धाग्यांचा ताण सारखा हवा. एक सैल पडला तर कापडात दिसतो, एक तुटला तर साचा थांबवावा लागतो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तुमच्या आसपासचे भोंगे एकेक करून गप्प झाले, म्हणून आज मुलं समजतात की हा धंदाच संपला. संपला नाही, हलला. भिवंडीला, इचलकरंजीला आजही बीम भरले जातात. माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइल शिकवतात, आयसीटीत तंतू आणि कापडावरच्या प्रक्रियांचं बीटेक आहे, इचलकरंजीत टेक्स्टाइलचं अख्खं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. इथे गर्दी कमी असते, आणि जाणकार माणूस लागतोच. तुझ्या पत्रात मात्र आजोबांबद्दल माया दिसली, कापडाबद्दल कुतूहल नाही दिसलं. माझी समजूत चुकली असेल तर कळव.

तुझ्या पत्रात सर्वांत जास्त ओळी आत्याच्या खोलीबद्दल आहेत. मी वर त्या कापल्या, पण त्या वाचूनच मी हे उत्तर एवढं लांब लिहायला घेतलं. आत्याच्या अंगावर शाईच्या खुणा केल्यात आणि त्या पुसायच्या नाहीत, असं तू लिहिलंस. त्या खोलीत भिंतींवरून आणि छतावरून लेझरच्या बारीक रेषा येतात. रोज त्या रेषा त्या खुणांवर जुळवून पेशंटला झोपवतात. म्हणजे तिथे दोन बीम आहेत: एक दिसणारा, जो फक्त जागा दाखवतो, आणि एक न दिसणारा, जो काम करतो. बहुतेक यंत्रांमध्ये इलेक्ट्रॉनला प्रचंड वेग देऊन टंगस्टनच्या तुकड्यावर आदळवतात, त्यातून क्ष-किरण निघतात. मग यंत्राच्या डोक्यातल्या टंगस्टनच्या पातळ पट्ट्या सरकून त्या झोताला गाठीचा आकार देतात. ‘बीम ऑन’ म्हणताना खोलीत आत्या एकटीच असते. दार बंद, बाहेर कॅमेऱ्यावर नजर. तिला ना दुखतं, ना चटका बसतो. आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात म्हणून पुष्कळ बायका भाजेल या भीतीने पहिल्या दिवशी अंग चोरून झोपतात.

या एका बीममागे तीन वेगळी माणसं असतात, आणि तुला करिअर निवडायचं तर या तिघांतला फरक कळायला हवा. कुठे आणि किती द्यायचं हे ठरवतात ते रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट. आई म्हणते ती नीटची वाट तिकडे जाते: एमबीबीएस, मग तीन वर्षांचं एमडी. रोज पेशंटला झोपवून, धीर देऊन बीम चालू करते ती तुझी ‘आतली ताई’, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. तिचा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतर लगेच असतो, आणि तू बायो ठेवलंयस म्हणून ते दार तुला उघडं आहे. तिसरा माणूस पेशंटला सहसा दिसतच नाही. तो मेडिकल फिजिसिस्ट. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी तो यंत्राचा बीम मोजतो: जेवढा म्हणतोय तेवढाच निघतोय का. डॉक्टरांनी सांगितलेला डोस गाठीला पूर्ण पोचावा आणि शेजारच्या फुप्फुसाला, हृदयाला कमीत कमी लागावा, याचं गणित तो बसवतो. आत्याची दहा मिनिटं त्या टेबलावर जातात, त्यामागे त्याचे तास गेलेले असतात.

मेडिकल फिजिक्स हे क्षेत्र मुलांना माहीतच नसतं, याची मला कायम हळहळ वाटते, कारण त्याची घरं मुंबईतच आहेत. फिजिक्समध्ये बीएस्सी, मग एमएस्सी, त्यानंतर अणुशक्तीनगरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, मग हॉस्पिटलात एक वर्ष इंटर्नशिप. आजपासून साधारण सात वर्षं. डिप्लोम्याच्या जागा मोजक्या असतात, एमएस्सीला गुण चांगले लागतात. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. पण बघ, याच केंद्राने शेक देणारं, कोबाल्टवर चालणारं देशी यंत्र बनवलं, भाभाट्रॉन. खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन बीमने उपचार होतात. क्ष-किरण गाठीतून आरपार जाऊन पलीकडच्या अवयवांनाही लागतात. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जवळजवळ सगळी शक्ती सोडून तिथेच थांबतो. लहान मुलांच्या बाबतीत या फरकाचं मोल फार असतं.

उपचार नको, निव्वळ फिजिक्सच हवं असं पुढे वाटलं, तर कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत पेलेट्रॉन हा कणांना वेग देणारा त्वरक आहे. अशा ठिकाणी ‘बीम टाइम’, म्हणजे झोत वापरायची वेळ, वाटून मिळतो आणि मिळाला की माणसं रात्रपाळ्या लावून प्रयोग करतात. मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमध्ये बारावीनंतर थेट पाच वर्षांचं एमएस्सी करता येतं, त्यासाठी नेस्ट ही परीक्षा असते.

बाकीचे अर्थ तू शोधलेस ते झटकन सांगते. जहाजाचा बीम म्हणजे त्याची कमाल रुंदी. पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांमुळे (जहाजं वर-खाली नेणाऱ्या बंद कप्प्यांमुळे) जगातली कितीतरी जहाजं ३२.३ मीटर रुंदीवर थांबली. बोटी मनापासून आवडत असतील तर नेव्हल आर्किटेक्चर बघ, जहाजं बांधणारं माझगाव डॉक तुमच्यापासून लांब नाही. जिम्नॅस्टिक्सचा बीम ५ मीटर लांब आणि फक्त १० सेंटिमीटर रुंद. ते वय आता तुझ्या हातात नाही, म्हणून सोडून देऊ. मोबाइलच्या टॉवरवरून लहरींचा झोत हव्या त्या दिशेला वळवणं हे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमवाल्यांचं काम.

एक अर्थ मात्र तुझ्या उपयोगाचा आहे. कॉम्प्युटरला भाषांतर करायला लावतात तेव्हा ‘बीम सर्च’ नावाची पद्धत वापरतात. पहिल्याच शब्दाला एक पर्याय पक्का करत नाहीत, आणि सगळे पर्यायही वागवत नाहीत. प्रत्येक पायरीवर त्यातल्या त्यात चांगले तीन-चार जिवंत ठेवतात, बाकीचे सोडतात. तूही बारावी संपेपर्यंत तीन ठेव: मेडिकल फिजिक्स, स्ट्रक्चरल, आणि आईसाठी नीट. सीईटी पीसीएम आणि नीट दोन्हींचे फॉर्म भर. बायो सोडू नकोस.

दोन कामं आहेत. बाबांच्या साइटवर स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी, सळया उघड्या असताना जा. हेल्मेट आणि बूट घालून, बाबांचा हात सोडून कुठेही चढू नकोस. आणि पुढच्या वेळी परळला गेलीस की आतल्या ताईला विचार, फिजिसिस्ट सर किंवा मॅडम पाच मिनिटं देतील का. त्यांना एकच विचारायचं: आज सकाळपासून तुम्ही काय काय केलंत? उत्तर शब्द न् शब्द लिहून घे.

आणि आजोबांचा हात धरून त्यांच्याकडून एक शिकून घे. चालू बीमवर धागा तुटला की ते कोणती गाठ मारायचे, ती दोऱ्यावर मारून बघ. पुढच्या पत्रात तो दोरा चिकटवून पाठव.

तुझी,
मार्गदर्शक ताई