पद्मिनीचे हेडलाइट मंद : बल्ब बदलण्यापूर्वी

तुमच्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचा उजवा दिवा मंद जळतो आणि डिपर दाबताच आणखी मिणमिणतो, या तुम्ही कळवलेल्या वर्णनावरून बल्बपेक्षा अर्थिंगवर (दिव्यातून वीज गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडावर) माझा संशय अधिक आहे. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची (व्होल्ट मोजणाऱ्या मीटरची) एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी बल्बच्या अर्थ पिनेला लावावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर अर्थची वायर जिथे बॉडीला स्क्रूने आवळलेली असते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून पत्रा उघडा, चकचकीत करावा. माझ्या गाडीत त्या स्क्रूखाली कुणीतरी इमानेइतबारे प्रायमर मारून ठेवला होता!

अर्थिंग ठीक असेल, तर बॅटरीच्या धन टोकापासून बल्बपर्यंत किती व्होल्ट गळतात ते पाहावे. फ्यूजची टोके काळवंडली आहेत का आणि स्विचमागची वायर हाताला गरम लागते का, हेही तपासावे. १००/९० वॅटचे (हाय बीमला १००, लो बीमला ९०) बल्ब मात्र घालू नयेत, कारण असे दोन बल्ब मिळून हाय बीमवर सुमारे १६ अँपिअर खेचतात आणि जुना स्विच त्याने वितळू शकतो. साधे ६०/५५ वॅटचे बल्ब व रिले (दिव्यांचा मोठा प्रवाह हाताच्या स्विचऐवजी स्वतःवर घेणारा विजेवर चालणारा स्विच) पुरेत.