पॉइंटर 7.31 आणि चौथ्या वर्षाची भीती

गेले काही महिने माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलांचा सगळ्यात जास्त जो प्रश्न येतोय तो हाच, मॅम ऑनर्स, म्हणजे डिग्रीचं चौथं वर्ष, घ्यावं का तिसऱ्या वर्षाला बाहेर पडावं, आणि त्याच्या मागोमाग पालकांचा प्रश्न, वर्ष वाया तर जाणार नाही ना. नवीन शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडे बीए, बीएस्सी, बीकॉम चार वर्षांचं झालं, स्वायत्त कॉलेजांत 2023-24 पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून, म्हणजे हे सगळं इतकं नवीन आहे की मुलांना विचारायला सीनिअर्सच नाहीत. जो तो ऐकीव माहितीवर चाललाय. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते, तिची आणि तिच्या बाबांची परवानगी घेऊन, ओळख पटेल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात.

जानेवारीतला रविवार होता. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून दोघं आले होते, बाबांची पिठाची गिरणी, मुलगी शहरात राहून बीएस्सी बॉटनी करतेय, टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला. नुकताच पाचव्या सेमिस्टरचा रिझल्ट लागलेला. मुलगी बॅग मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि बोलत होते सगळं बाबा. "ताई, मला एवढंच सांगा, आमच्या शेजारचे गुरुजी म्हणतात आता तीन वर्षांच्या डिग्रीला किंमत नाही, ती अर्धी धरतात. मग ही तीन वर्षं काय पाण्यात गेली का आमची? धाकटा बारावीला आहे, त्याला इंजिनिअरिंगला घालायचंय, दोघांचा खर्च एकदम कुठनं करू?"

हा गैरसमज मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आधी तोच काढला. तीन वर्षांची डिग्री ही पूर्ण डिग्री आहे, अर्धी नाही, अर्धवट नाही. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, बीएड, जिथे जिथे पदवीधर लागतो तिथे ती चालते. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री आणि चौथं पूर्ण केलं तर ऑनर्स, अशी ती पायऱ्यांची रचना आहे. चौथी पायरी चढली नाही म्हणून तिसरी काही पायाखालून निघून जात नाही.

मग मुलीकडे वळून विचारलं, पुढे एमएस्सी करायचंय का? तिने मान हलवली, हो. म्हणलं मग वर्ष वाया जायचा प्रश्नच कुठे येतो. तीन वर्षांनी बाहेर पडलीस तर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांचं ऑनर्स केलंस तर एमएस्सी एक वर्षाची, तीन अधिक दोन पाच आणि चार अधिक एक पण पाचच, फक्त ती एक वर्षाची एमएस्सी तुला हव्या त्या विद्यापीठात तुझ्या विषयाची आहे का ते आधी बघून ठेवायचं. बाबांनी एकदम मान वर केली, म्हणाले, "म्हणजे एकानं दोन अधोल्या मोजल्या आणि एकानं चार शेर, भरली पायलीच." जुन्या मापात अधोली म्हणजे दोन शेर आणि पायली म्हणजे चार शेर. माझ्या दहा मिनिटांच्या समजावण्यापेक्षा हे भारी होतं, तेव्हापासून मी हेच उदाहरण सगळ्या पालकांना देते.

फीचं पण विचारलं त्यांनी, मुलींना आता फी माफ आहे ना म्हणून. ती 2024 ची सवलत इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक कोर्सेससाठी आहे, तीही ठराविक प्रवर्ग आणि आठ लाखांच्या आतलं उत्पन्न असेल तर, साध्या बीएस्सीला ती लागू होत नाही हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण खोटी आशा देण्यापेक्षा ते बरं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, कुठली शिष्यवृत्ती बसते ते बघायला सांगितलं.

इथपर्यंत सगळं सरळ होतं आणि मला वाटलं प्रश्न संपला. पण मुलगी हललीच नव्हती. मी विचारलं तुला नक्की काय करायचंय, तर एका दमात म्हणाली, "मॅम मला ऑनर्स विथ रिसर्चच करायचंय, दुसरं काहीच नको, सहाव्या सेमला मी साडेसात पाडणार आहे."

आता इथे थोडं थांबून सांगते कारण बऱ्याच मुलांना हा फरक माहीतच नसतो. चौथ्या वर्षात दोन वाटा आहेत, एक साधं ऑनर्स आणि दुसरं ऑनर्स विथ रिसर्च. रिसर्चवाल्यात 12 क्रेडिट्सचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन मोजायचं एकक) स्वतःचा संशोधन प्रकल्प असतो, साध्यात त्याऐवजी विषयाचे जास्तीचे पेपर वगैरे असतात. रिसर्चसाठी पहिल्या सहा सेमिस्टर मिळून 75 टक्के म्हणजे 7.5 पॉइंटर (दहापैकी सरासरी गुण) लागतो, आणि विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त गाईड असावे लागतात. सहा मिळून, हे महत्त्वाचं. शेवटच्या एका सेमिस्टरला साडेसात पाडून चालत नाही.

मी तिला कागद दिला, म्हणलं पाचही सेमचे लिही. तिने लिहिले 7.6, 7.7, 7.5, 6.35, 7.4. बेरीज 36.55, सरासरी 7.31. आता सगळ्या सेमला क्रेडिट्स सारखे धरले तर सहा सेमना 7.5 म्हणजे 45 हवेत, त्यातून 36.55 वजा कर, राहिले किती? तिने लिहिलं 8.45 आणि पेन खाली ठेवलं. तिचा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला सेम 7.7 चा.

बाबा कागदाकडे बघत होते. "हे सहा पॉइंट पस्तीस कधीचं?" ती काहीच बोलेना. मग हळूच म्हणाली चौथ्या सेमचं. चौथा सेम म्हणजे आईचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा, ही रोज पहाटे उठून स्वयंपाक करून पहिल्या एसटीने कॉलेजला आणि संध्याकाळी परत गावाला, जवळजवळ दोन महिने, रूमवर राहिलीच नाही, प्रॅक्टिकल्स बुडली, इंटर्नल्स म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षा गेल्या. घरी सांगितलं होतं पॉइंटर आठच्या आसपास आहे, रिसर्चला नंबर लागतोय. बाबा बराच वेळ गप्प होते, मग एवढंच म्हणाले, "मग सांगायचं नाही का बाळा." आणि ती रडायला लागली.

माझी चूक मला तिथे कळली. मी आल्या आल्या नियम सांगत सुटले होते, क्रेडिट्स, पायऱ्या, पाच वर्षांचा हिशोब, आणि सगळं बरोबर होतं, पण ही मुलगी ऑनर्सची माहिती घ्यायला आलीच नव्हती. तिच्यासाठी रिसर्च म्हणजे त्या 6.35 ची भरपाई होती. रिसर्चला गेले तर चौथा सेम कुणी विचारणार नाही असं तिच्या डोक्यात बसलं होतं. वर्गातल्या तिघी मैत्रिणींचा पॉइंटर आठच्या वर, त्या जाणार, मी मागे राहिले तर मी बाद.

बाबांना म्हणलं तुम्ही जरा खाली चहा घेऊन या. ते गेल्यावर मी कागद बाजूला सारला आणि विचारलं, या तीन वर्षांत कुठली गोष्ट करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही? ती डोळे पुसत म्हणाली, कासच्या फुलांच्या पठारावरचं फील्ड प्रोजेक्ट. आणि मग जी बोलायला लागली ती थांबेचना. जांभ्या दगडावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवायची, आत किती जातींची किती झाडं ते मोजायचं, सप्टेंबरचा पाऊस, वही भिजते, आणि सीतेची आसवं नावाचं ते जांभळं फूल, ते कीटकभक्षी आहे मॅम, त्या पठारावर मातीचा थर इतका पातळ आणि त्यात नत्र इतकं कमी की ते बारीक पिशव्यांत जीव पकडून आपली गरज भागवतं. लोक फुलांसोबत फोटो काढून जातात, खाली मुळाशी काय चाललंय ते कुणी बघतच नाही. दहा मिनिटांपूर्वी हीच मुलगी बॅग घट्ट धरून बसली होती यावर विश्वास बसला नसता.

मी तिला म्हणलं की संशोधन तुला खरंच आवडतं, ते दिसतंय, पण संशोधनाचं दार 7.5 ला बंद होत नाही, हे तुला कुणी सांगितलंय का? चार वर्षांच्या डिग्रीवर थेट पीएचडीला जायचं तर 75 टक्के लागतात, बरोबर आहे. पण आधीसारखं एमएस्सी करून 55 टक्क्यांवर पीएचडीला जाता येतंच की, तो रस्ता कुणीही काढून घेतलेला नाही. दोन वर्षांच्या एमएस्सीत पण रिसर्च प्रोजेक्ट असतोच. आणि तिथे प्रवेशाला कुणी तुझा चौथा सेम घेऊन बसणार नाही, प्रवेश परीक्षा असेल तिथे ती आणि एकूण मार्क बघतील.

ती म्हणाली, मग साधं ऑनर्स? ते म्हणजे रिसर्च न मिळालेल्यांचं ना? हेही मी खूप ऐकते आणि मला ते पटत नाही, कारण चांगल्या विभागात ते एक वर्ष विषय पक्का करायला उत्तम असतं, इंटर्नशिप मिळते, आणि बाहेरच्या देशात एमएसला जायचं असेल, विशेषतः अमेरिकेत, तर बरीच विद्यापीठं 16 वर्षांचं शिक्षण मागतात तिथे चौथं वर्ष फारच कामाचं. पण हे सगळं कॉलेजवर आहे. नाव एकच असलं तरी एका कॉलेजात चौथं वर्ष म्हणजे प्रयोगशाळा, गाईड, फील्डवर्क, आणि दुसऱ्या कॉलेजात तेच मास्तर तेच वर्ग आणि अजून आठदहा पेपर. म्हणून तिला गृहपाठ दिला, एचओडी म्हणजे विभागप्रमुख सरांना भेट आणि सरळ विचार की पुढच्या वर्षी आपल्याकडे नक्की काय शिकवणार, कोण शिकवणार, वनस्पती वर्गीकरणात काम करणारं कोणी आहे का, हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे का.

पंधरा दिवसांनी फोन आला. सरांनी खूप मोकळेपणाने सांगितलं होतं म्हणे, की आमच्याकडे चौथं वर्ष बायोटेक्नॉलॉजीच्या अंगाने जाणार, तुझ्या आवडीचं इथे कुणी नाही, तू चांगलं हर्बेरियम असलेल्या विभागात एमएस्सीला जा. अशा शिक्षकांचं मला खरंच कौतुक वाटतं, चौथ्या वर्षाला मुलं टिकवायचं कॉलेजवर दडपण असताना असं सांगायला मोठं मन लागतं. तिचं ठरलं, तीन वर्षांची डिग्री घ्यायची आणि दोन वर्षांच्या एमएस्सीचे फॉर्म भरायचे, दोन ठिकाणचे.

याच काळात माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मी नेमकं उलटं सांगितलं, पॉइंटर 8.6, विभागात दोन चांगले गाईड, तो म्हणत होता सगळे सोडतायत म्हणून मी पण सोडतो, त्याला म्हणलं अजिबात सोडू नकोस. आणि बीकॉमची एक मुलगी एमपीएससी करणार होती तिला चौथ्या वर्षाची काहीच गरज नव्हती, ते पाच मिनिटांत संपलं.

सहाव्या सेमच्या परीक्षेआधी बॉटनीवाली मुलगी एकदा एकटीच येऊन गेली. अजूनही 8.45 साठीच अभ्यास करत होती, मी अडवलं नाही, फक्त विचारलं आकडा नाही आला तर त्या रात्री काय करशील, तर म्हणाली बाबांना लगेच सांगेन, या वेळी लपवणार नाही. मला तेवढं पुरे होतं.

रिझल्ट लागला तेव्हा तिचा मेसेज आला, सेम 8.1, एकूण 7.44. साडेसातला सहा शतांश कमी. खाली दुसरी ओळ होती, "बाबांना आधी सांगितलं मग तुम्हाला." संध्याकाळी बाबांचा फोन, मला वाटलं तिच्याबद्दल बोलतील, तर धाकट्याचं घेऊन बसले. त्याच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात पण ऑनर्स लिहिलंय, ते पण एक वर्ष जास्त का? नाही हो, इंजिनिअरिंग चारच वर्षांचं, तिथलं ऑनर्स म्हणजे त्याच चार वर्षांत 18-20 क्रेडिट्स जास्तीचे, झेपत असेल तर घ्यायचं, आणि त्याचा विचार पहिलं वर्ष नीट पार पडल्यावर. बरं बरं म्हणाले. फोन ठेवता ठेवता म्हणाले, सप्टेंबरात गिरणी दोन दिवस बंद ठेवणार आहे ताई, पोरगी म्हणते कासला चला, चौकटीची दुसरी बाजू धरायला माणूस लागतो.