आधी तारीख बघ

अनेक आशीर्वाद.

इतिहासाची पदवी नाही, नोकरी सांभाळून पहिल्या अणुबॉम्बच्या इतिहासावर काम जमेल का, असं विचारलंस. जमेल. जॉन कॉस्टर-मलन हा अमेरिकेतला ट्रक ड्रायव्हर. त्याने संग्रहालयांतली बॉम्बची कवचं टेप लावून मोजली, जुन्या सैनिकांना गाठून बोलतं केलं, फोटो ताडून पाहिले. हिरोशिमाच्या बॉम्बच्या आतल्या रचनेचं वर्षानुवर्षं छापलं जाणारं चित्र उलटं आहे, हे त्याने दाखवून दिलं. पुस्तक स्वतःच छापलं आणि नवं काही हाती आलं की त्यात दुरुस्त्या करत राहिला. ही सवय उचल.

प्रत्यक्षदर्शी सांगतो म्हणून लगेच मान डोलावू नकोस. ९ ऑगस्ट १९४५, नागासाकी. वैमानिक स्वीनीच्या नेहमीच्या ‘द ग्रेट आर्टिस्ट’ विमानात हिरोशिमाच्या वेळची मोजमापाची यंत्रं बसवलेलीच होती. ती हलवण्यापेक्षा माणसांनीच विमानं बदलली. स्वीनी बॉम्ब टाकणाऱ्या ‘बॉक्सकार’मध्ये चढला, तर त्या विमानाचा वैमानिक बॉक ‘ग्रेट आर्टिस्ट’मध्ये. त्या मोहिमेबरोबर विल्यम लॉरेन्ससारखा पत्रकार होता, तरी बॉम्ब ‘ग्रेट आर्टिस्ट’नेच टाकला असं सुरुवातीला छापून आलं. खरं विमान कोणतं, हे त्याच्या ७७ या क्रमांकावरून पटतं. आणखी एक गंमत बघ: ‘बॉक्सकार’च्या नाकावरचं चित्र त्या मोहिमेनंतर रंगवलं गेलं. म्हणजे चित्रासकट दिसणारा फोटो त्या सकाळचा असूच शकत नाही. कोणताही फोटो हाती आला की आधी तारीख शोध, खालच्या ओळी मग वाच.

सरकारी कागदांचंही तेच. बॉम्ब कसा तयार झाला हे सांगणारा अमेरिकी सरकारचा स्माइथ अहवाल १२ ऑगस्ट १९४५ ला, म्हणजे लगोलग बाहेर आला. त्यात पदार्थविज्ञान भरपूर आहे. कारखान्यांतलं रसायनशास्त्र, यंत्रकाम गुप्ततेपायी गाळलेलं. त्यामुळे बॉम्ब मूठभर शास्त्रज्ञांनी लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत केला, असा समज रुजला. प्रत्यक्षात सुमारे दोन अब्ज डॉलरच्या खर्चातला मोठा वाटा ओक रिज आणि हॅनफर्डच्या कारखान्यांवर गेला. तिथले कामगार, त्यांच्या पाळ्या, त्यांना काय सांगितलं होतं आणि काय नाही, यावर तू काम करावंस असं मला मनापासून वाटतं.

आणि एक वही दोन्ही बाजूंसाठी ठेव. विमान पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरून निघालं, आधी ठरलेल्या कोकुरा शहरावर लक्ष्य नीट दिसलं नाही म्हणून नागासाकीकडे वळलं, या नोंदीच्या खालीच ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीच्या उराकामी भागात काय झालं ते लिही. नागासाकीच्या लोकांच्या जबान्या अनुवादात मिळतात. बॉम्बच्या इतिहासाची पुष्कळ पुस्तकं या जबान्या शेवटच्या प्रकरणात उरकून टाकतात. तू तसं करू नकोस.

पहिलं टिपण झालं की पाठव.